सुलतानाची काळजी

“यात हुकूम कुठे आहे, शिरीन?” वर्तकसरांनी तिच्या प्रबंधाचं पान टेबलावर आपटलं. “सुलतान वजिराला म्हणतो, ‘तुम्ही थकलेले दिसता.’ ही साधी काळजी आहे!”

“पण सर, वजिरानं लगेच पद सोडून मक्केची वाट धरली ना! बोलणं हीसुद्धा कृतीच असते, हाच तर सिद्धांत आहे. सुलतानानं काळजी केली, की समजावं, नोकरी गेली.”

“जुन्या फारसी तवारिखांवर असले नवे सिद्धांत लादू नकोस. मी सही करणार नाही.”

तेवढ्यात संस्थेचे संचालक दारात आले. “वर्तकसर, या वयात रोज एवढे जिने चढता! जपा हो स्वतःला. तरुण मंडळी आहेत की आता.”

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते टेबल आवरू लागले. सर गेले, तर शिरीनच्या प्रबंधाला वालीच उरणार नव्हता.

ती चटकन उठली. “साहेब, किती जीव लावता हो सरांना! मग त्यांची खोली तळमजल्यावर कधी हलवायची? तुमच्या शेजारची रिकामीच आहे.”

“अं... बघू... सोमवारी,” म्हणत संचालक सटकले.

सरांनी खुर्चीत अंग टाकलं, पेन उघडलं आणि झोकात सही केली.

“एक तळटीप घाल,” ते मिशीत हसत म्हणाले. “ऐकणारा भोळा निघाला, तर हुकमाचं काही चालत नाही. आणि हो, ‘भोळा’ अवतरणचिन्हांत टाक.”