वरकुट्याचा डावा कोपरा

झुंबरला कळंबच्या संघाला द्यायचं आणि बदल्यात त्यांचा इंद्रजित घ्यायचा, यावर वरकुट्याच्या कबड्डीच्या मैदानावर सकाळपासून वाद चालला होता. इंदापूरची तालुका स्पर्धा आठ दिवसांवर आली होती आणि खेळाडूंची नावं उद्याच द्यायची होती.

संघ रामहरीतात्यांनी उभा केलेला. अदलाबदलीचा विचारही त्यांचाच. गेली दोन वर्षं वरकुटे पहिल्याच फेरीत हरत होतं. पकडी चांगल्या व्हायच्या, पण समोरच्यांत शिरून गडी मारून येणारा चढाईपटू नव्हता. नुसत्या पकडींवर सामना निघत नाही, असं तात्यांचं म्हणणं. इंद्रजितनं तर एकेकाळी एकट्याच्या जिवावर सामने काढले होते.

संघातल्या ऋतिकला हे पटत नव्हतं. इंद्रजित आता सदतीस वर्षांचा. शाळेची गाडी चालवतो, उजव्या गुडघ्याला पट्टा बांधून खेळतो. त्याच्यापायी बावीस वर्षांचा झुंबर घालवायचा? झुंबर डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा. त्यानं धरलेला घोटा सुटलेला अजून कुणी पाहिला नव्हता. संघातलाच अप्पा मात्र तात्यांच्या बाजूचा. तो म्हणाला, घोटा धरणारा दुसरा तयार करता येईल, पण इंद्रजितसारखं डोकं कुठून आणायचं?

झुंबर कडेला बसून ऐकत होता. त्याला जायचं नव्हतं. याच मातीत तो खेळायला शिकला होता. तात्यांनी विचारलं तेव्हा तो एवढंच बोलला, "संघ म्हणंल तसं."

शेवटी अप्पानंच तोड काढली. इंद्रजितला बोलवायचं आणि एक चढाई करायला लावायची. गडी मारून परत गेला तर घ्यायचा. अडकला तर झुंबर इथंच राहील, विषय संपला.

चारच्या सुमारास इंद्रजित मोटारसायकलवरून आला. कशासाठी बोलावलंय ते सांगताना तात्यांची नजर खाली होती. इंद्रजित हसला.

"त्यात काय तात्या, बैल घेताना दात बघत्यातच."

त्यानं चपला काढल्या, माती कपाळाला लावली, गुडघ्याचा पट्टा आवळला आणि मध्यरेषा ओलांडून आत शिरला. समोर वरकुट्याचे गडी उभे होते, डाव्या कोपऱ्यात झुंबर.

सुरुवातीला तो नुसताच डावीकडून उजवीकडे फिरत राहिला, गडी सात असले तरी आपल्याला एकच हवा असल्यासारखा. मग त्याचा हात कधी गेला ते कळलंच नाही. ऋतिकच्या खांद्याला बोटं लागली होती. आता फक्त मागं फिरून रेषा गाठायची होती.

वळताना गुडघा जरासा अडला. झुंबर त्याचीच वाट बघत होता. त्यानं झेप घेतली आणि घोटा दोन्ही हातांत आला.

पाय सुटायची धडपड करील म्हणून झुंबरनं जोर लावला होता. पाय ओढतच नव्हता. हातातल्या हातात तो थरथरत होता, वर 'कबड्डी कबड्डी' चाललं होतं, पण आवाज बारीक झाला होता. झुंबरनं मान वर केली. शाळेत असताना याच माणसाचा पेपरातला फोटो कापून त्यानं वहीत चिकटवला होता. सगळा संघ बघत होता.

झुंबरची बोटं सैल झाली.

इंद्रजित रेषेपलीकडे जाऊन पडला. टाळ्या वाजल्या. ऋतिकही वाजवत होता. तात्यांनी खिशातला कागद काढला, झुंबरच्या नावावर रेघ मारली आणि खाली इंद्रजितचं नाव लिहिलं. कळंबला फोन कुणी करायचा यावर बोलणं सुरू झालं. झुंबर हाताची माती झटकत उभा होता.

इंद्रजित उठला, गुडघ्याचा पट्टा सोडला आणि तात्यांच्या जवळ आला.

"माझं नाव काढा, तात्या."

"का रं? सुटलास की."

"सुटलो न्हाय. सोडलं मला."

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. ऋतिकनं झुंबरकडे बघितलं आणि तो काय ते समजला. अप्पा उगाच मैदानाची रेषा पायानं नीट करायला लागला. तात्यांच्या हातात कागद तसाच होता. या माणसाला इथं बोलवायलाच नको होतं, असं त्यांना वाटलं, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांनी इंद्रजितला चहाला थांबायचा आग्रह केला. शाळेची गाडी धुवायची राहिलीय, असं सांगून तो निघाला.

झुंबर त्याच्या मागोमाग मोटारसायकलपर्यंत गेला. दादा, तुमच्या पायाला लागलं असतं, असं काहीतरी तो पुटपुटला. ते खरं नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

इंद्रजित रागावला नव्हता. त्यानं गाडीवर बसून चावी फिरवली, पण किक मारली नाही.

"धरायचं हुतंस मला," तो म्हणाला. "लई जणांनी प्रयत्न केला. तू धरलं असतंस, तर कळंबला जाऊन जलमभर सांगितलं असतं, मला शेवटचं धरलं ते वरकुट्याच्या झुंबरनं. आता काय सांगू?"