साठवून नेलेले हसू

"मंत्रीसाहेब पुलाचं उद्घाटन करून गेले," हणमंत सोंगाड्या म्हणाला, "आणि नदी बिचारी अजून विचारतेय, पूल कधी येणार?"

जत्रेच्या तंबूत सहाशे माणसे होती. एकाही ओठाची कड हलली नाही. थट्टेला बंदी नव्हती. मात्र प्रत्येक खुर्ची हसणाऱ्याचा श्वास ओळखून त्याचे नाव वर कळवत असे, आणि रेशनपासून नोकरीतल्या बदलीपर्यंत सारे त्या यादीवर ठरे. सोंगाड्याच्या गळ्यात कायमचा अडकवलेला परवान्याचा बिल्लाही वीस हातांच्या आतले हसू टिपत असे.

खेळ संपल्यावर तो ढोलकीवालीला म्हणाला, "अनसूयाबाई, आजपासून सोंग उतरवलं. भिंतीला हाक मारली तर भिंतसुद्धा साद देते हो."

"उतरवा, दादा. पण आधी ओढ्याकडं जाऊन या. लांबूनच बघा हं."

कलत्या उन्हात तो निघाला. ओढ्याकाठच्या खडकाआड कुठलेच यंत्र नव्हते. तिथे मघाचीच माणसे कोंडाळे करून बसली होती. एक म्हातारी पदर खोचून त्याचीच नक्कल करत होती, "नदी बिचारी..." आणि तंबूतून साठवून आणलेले हसू एकदम फुटले. माणसे डोळे पुसत एकमेकांवर कोसळत होती.

हणमंतचे पाऊल नकळत पुढे पडले. छातीवर बिल्ला हलला.

बिल्ला मुठीत आवळून तो मागे सरला, आणि दूरच्या बाभळीआड एकटाच उभा राहून उद्याच्या गावासाठी पहिले वाक्य जुळवू लागला.