बाहेरचा बाक

"बाळाचं डोकं खाली आहे, पाणी पुरेसं आहे. ऑपरेशनला मला कारणच दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिलीच खेप तुझी. एकदा पोटावर टाके पडले की पुढच्या वेळीही धोका वाढतो."

मुलगी मान खाली घालून बसली होती. "सगळं वाचलंय मी. तरी मला सिझेरियनच हवंय."

शेजारी तिची आई उभी होती. प्रसूतिगृहातली मोठी सिस्टर. गावात हे एकच हॉस्पिटल, आणि अठ्ठावीस वर्षांत निम्मं गाव तिच्या हातून जन्मलेलं. नातवंडाला पहिल्यांदा आपणच हातात घ्यायचं, हे तिने अख्ख्या वॉर्डला सांगून ठेवलं होतं.

"नाजूक झाल्यात आजकालच्या पोरी," ती हसून म्हणाली. "कळा कधीही सुरू होऊ देत, ड्यूटी असली की मी इथेच, नसली तर धावत येईन."

"शाळा सुटली की मी इथे बाहेरच्या बाकावर बसून अभ्यास करायचे," मुलगी डॉक्टरीणबाईंना सांगू लागली. "आतून बायका ओरडायच्या. मग आईचा आवाज. 'नवऱ्याजवळ जाताना बरं गोड लागलं, आता कशाला बोंबलतेस?' मग एक चापट. मग सगळं चिडीचूप."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, तसं बोलल्याशिवाय जोर लावत नाहीत बायका. आत बाळ गुदमरतं. त्यांच्याच भल्यासाठी..."

"असेल."

"तुला मी तसं बोलेन का? पोटची पोर तू माझी!"

"त्याही कुणाच्या तरी पोटच्याच होत्या ना, आई."

डॉक्टरीणबाईंनी फाइलमध्ये डोकं घातलं. त्यांची खोली त्या बाकासमोरच होती. इतकी वर्षं त्यांनीही सगळं ऐकलं होतं आणि कानाआड केलं होतं. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

"कधीची तारीख देऊ?" शेवटी त्यांनी विचारलं.

मुलीने भिंतीवरच्या ड्यूटीच्या तक्त्याकडे पाहिलं. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले.

आई तक्त्यापाशी गेली. आपल्या नावावर बोट ठेवून ते हळूहळू पुढे नेलं आणि एका रिकाम्या चौकटीवर थांबवलं.

"गुरुवारी घ्या, मॅडम," ती म्हणाली. "गुरुवारी मी नसते. आणि मी येणारही नाही."