अस्सल सुरी

"महिपतीची सुरी हुबेहूब वस्तादांसारखी," असं बाजारात जो तो म्हणू लागला, तसं दौलतीच्या पोटात दुखू लागलं. वस्तादांच्या एकाच भट्टीवर दोघं लोहारकाम शिकले होते, आणि नाव होत होतं ते महिपतीचं.

त्याची एक सुरी घेऊन दौलती तडक वस्तादांच्या बायकोकडे गेला. "काकी, बघा, महिपती नकली माल खपवतोय." मग त्याने आपल्या कमरेची सुरी शेजारी ठेवली. "अस्सल ही. वस्तादांच्या शिक्क्याची, मूठही त्यांच्याच हातची."

काकींनी महिपतीचं पातं उजेडात धरलं. "यावर त्याचाच शिक्का आहे. वस्तादांच्या सुरीचा घाट घेऊ का, म्हणून विचारून गेलाय तो."

मग त्यांनी दौलतीच्या सुरीची मूठ चाचपली.

"ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, दौलती. हे लाकूड अजून ओलं आहे."