रुमाल टाकलेली खुर्ची

"काका, आठवण मूळ मालकाची आहे, त्यामुळे त्यांचा खोकलाही येईल. तो काढता येत नाही," उपेंद्र टिपणीसांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवत स्मृतिकेंद्रातली मुलगी म्हणाली. जाण्यापूर्वी श्रीरंगने ही एकच आठवण मित्राच्या नावे ठेवली होती.

कॉलेजात दोघांनी ज्या रॉक बँडच्या कॅसेटी झिजवल्या, तो बँड, त्यातल्या सगळ्यांनी सत्तरी ओलांडल्यावर, एकदाचा पुण्यात आला, तेव्हा श्रीरंगने दोन तिकिटं काढली होती. "बघतो, जमलं तर येतो," असं फोनवर सांगून उपेंद्र घरीच लोळत पडला. थेरड्यांचं काय, पुढच्या वर्षीही येतीलच. पुढच्या वर्षी ना बँड आला, ना श्रीरंग राहिला.

आता डोळे मिटताच समोर मैदान उघडलं. गायक स्टुलावर बसून गात होता आणि वरचे सूर त्याने प्रेक्षकांवर सोपवले होते. ड्रमरच्या गुडघ्याला पट्टा होता. तरीही उपेंद्रच्या अंगावर काटा आला, कारण तेव्हा श्रीरंगच्या अंगावर आला होता. मग खोकल्याची उबळ आली आणि मान डावीकडे वळली. शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकलेला होता.

"अहो, इथे कुणी आहे का?" मागे उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं.

"आहे ना. गाडी लावतोय, येईलच," उपेंद्रच्या तोंडून श्रीरंग म्हणाला.

शेवटच्या गाण्याला आणखी कुणीतरी विचारलं, तेव्हाही तो तेच म्हणाला.