पेटीतल्या गोगलगायी

अनसिंगच्या भिवाजी मास्तराने मुंबईच्या भावाकडून समुद्राचं पाणी, गोगलगायी आणि वाळू उपसत फिरणारा तारामासा मागवून घरात काचेच्या पेटीत ठेवला होता. बहात्तरच्या दुष्काळातही पेटीतलं पाणी आटलं की खारटपणा वाढू नये म्हणून तो तांब्याभर गोडं पाणी ओतायचा आणि दूरच्या विहिरीवरून घागर आणणारी बायको भागिरथा बघायची. गोगलगायी कमी होऊ लागल्या. संशय तिच्यावरच गेला. "तूच फेकून राह्यली." "मी हातबी नाई लावला," ती म्हणाली. त्याने खोलीला कुलूप घातलं, तरी गोगलगायी घटतच राहिल्या. दुसरी किल्ली असेल म्हणून तिची ट्रंक उचकली. एका दुपारी तारामासा वाळूतून निघाला आणि त्याच्या पोटाखालून रिकामा शंख घरंगळला. भिवाजी चुलीपाशी गेला. "तारामासा खाऊन राह्यला, तू नाई." भाकरी थापत भागिरथा म्हणाली, "तुमी डोयानं पाह्यलं म्हणून. नसतं दिसलं तं?"