झाकून ठेवलेला भात

मेघालयातल्या एका डोंगरगावात त्रोलिन बुआम ही म्हातारी एकटी राहायची. तिची बोली बोलणारी ती शेवटचीच उरली होती, म्हणून पुण्याच्या भाषा-अभ्यासक वैखरी दाभाडेनं तिच्या घरी एक यंत्र आणून ठेवलं होतं. खासी कुळातल्या भाषा एकमेकींशी ताडून ते या बोलीतले हरवलेले शब्द पुन्हा घडवायचं आणि बोलून दाखवायचं.

त्या दुपारी वैखरी वही घेऊन बसली असताना यंत्रानं एक शब्द उच्चारला. उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेला भात, असा त्याचा अर्थ. सुपारी कातरणारे त्रोलिनचे हात थांबले.

"हा मी सांगितलेला नाही," ती म्हणाली. "माझी आई म्हणायची. सत्तर वर्षांत कानावर आला नव्हता."

यंत्राचं गणित खरं ठरलं होतं. वैखरीला आनंद लपवता येईना. "पण आजी, नोंदीला आणखी एक साक्ष लागते. हा शब्द आठवणारं दुसरं कोणी आहे?"

"असतं, तर मी ह्याच्याशी बोलत बसले असते का?"

वैखरीनं वही मिटली. त्रोलिन यंत्राजवळ सरकली.

"पुन्हा म्हण," ती हळूच म्हणाली. "पण जरा रागावून म्हण. मी रोजच उशिरा यायचे."